धाक कुणाचा?

मागच्या मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडून झाला होता, पाच फळं, विड्याची पानं सगळं जागच्या जागी होतं, सासूबाई पोथी घेऊन पाटावर बसल्या होत्या. माझी धाकटी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला आरतीला हाक मारली तर ती दारात आली आणि शांतपणे सांगून मोकळी झाली, की तिला यातलं काही पटत नाही. नुसतं आपल्या समाधानासाठी हात जोडून उभं राहणं तिला खोटेपणा वाटतो. प्रसादाची तयारी हवी तर करून देईन म्हणाली. भांडण नाही, आदळआपट नाही.

सासूबाईंनी कहाणी वाचली, आरती केली, पण जेवताना त्यांचा घास फिरत होता. रात्री मला म्हणाल्या, की आज हिला देवाचा धाक राहिला नाही, उद्या कुणाचाच राहणार नाही. खरं बोलायचं, दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही, म्हाताऱ्या माणसाला टाकायचं नाही, हे सगळं माणूस कशाच्या जोरावर सांभाळतो? वर कुणीतरी बघतोय म्हणूनच ना!

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. कारण मीही माझ्या दोन्ही मुलांना त्याच एका वाक्यावर वाढवलंय. डब्यातला लाडू चोरला तर देव बघतो, खोटं बोललं तर देव बघतो. माझ्या आईनेही मला तसंच वाढवलं. आता ज्या मुलीला तो बघणारा डोळाच नाही असं वाटतं, तिचं काय?

पण झोप लागेना, तेव्हा दुसरी बाजूही आठवायला लागली. गेली बारा-तेरा वर्षं मी बचत गटाच्या कामात आहे, घरातल्या भांडणांत मध्यस्थीलाही जाते. गळ्यात माळ घालून, दर पंधरवड्याला एकादशी धरून बायकोच्या अंगावर हात टाकणारा नवरा मी पाहिलाय. आणि रोज भजनाला जाणारी, शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं सगळं करणारी बाईसुद्धा पाहिलीय. त्या बाईला विचारलं तर ती म्हणते पांडुरंग करून घेतो. मग त्या माळकऱ्याच्या हातून पांडुरंग काय करून घेत होता? या हिशेबाचा ताळा काही जमत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपाटातलं जुनं पुस्तक काढलं. बी.ए.ला मराठी घेतलं होतं तेव्हा आगरकरांचे निबंध अभ्यासाला होते. त्या वेळी मार्कांपुरते वाचले. बुद्धिप्रामाण्यवादी समाजसुधारक, एवढं एक वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिलं की दोन मार्क नक्की! माणूस म्हणून ते कधी डोळ्यांसमोर आलेच नव्हते. आता आले, ते या एका प्रश्नामुळे. देव आहे असं मानायला बुद्धी तयार नाही असं उघड सांगणारा हा माणूस, मग त्यांचं आयुष्य कसं गेलं? कशाच्या धाकावर?

माझं माहेर कराड भागातलं. तिथून टेंभू फार लांब नाही. टेंभू म्हटलं की आता सगळ्यांना कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागाला नेणारी योजनाच आठवते. पण 14 जुलै 1856 ला गोपाळ गणेश आगरकर जन्मले ते याच गावात. घरची गरिबी अशी, की शिकायचं तर कुणाच्या तरी दारात राहूनच. थोडं शिक्षण कराडला झालं, मग पोरवयातच कचेरीत कारकुनी करायची वेळ आली. इंग्रजी शिकायच्या ओढीने पायी रत्नागिरी गाठली, तिथे निभाव लागला नाही, परत आले. कराडच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून औषधं घोटली. शेवटी नातलगांच्या आधाराने अकोल्याला गेले आणि 1875 मध्ये तिथून मॅट्रिक झाले. नकाशावर बघा, कराड कुठे, रत्नागिरी कुठे, अकोला कुठे! आपल्या पोराची शाळा दोन स्टॉप लांब असली तरी आपण रिक्षा लावतो.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले तेव्हा अंगात एकच सदरा होता, रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे. वर्तमानपत्रात लिहून, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं मिळवून त्यांनी फी भागवली. दमा तरुणपणापासूनच मागे लागलेला होता. अशा माणसाने 1880 च्या सुमारास एम.ए. व्हावं, आणि त्या काळात एम.ए. म्हणजे मोठ्या पगाराची सरकारी नोकरी घरी चालत आलेली. आई वाट बघत होती. कुठल्याही आईने बघितली असती. मुलगा शिकला, आता दिवस पालटतील.

त्या आईला मुलाने पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांच्या कामात घालवणार आहे. हे पत्र वाचून लोक आगरकरांचं कौतुक करतात. मी या वेळी वाचलं तेव्हा मला आधी ती आई दिसली. तिला काय वाटलं असेल? पण दुसरी गोष्टही लक्षात आली. हा त्याग करणाऱ्या माणसाला मरणानंतर काही मिळेल असं वाटत नव्हतं. आपण एक नारळ फोडतो तरी मनात काहीतरी मागणं असतं. यांच्या त्यागाला खालीही मोबदला नव्हता आणि वरही नव्हता.

विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी 1 जानेवारी 1880 ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं होतं. टिळकांशी मैत्री डेक्कन कॉलेजातच जमली होती, आगरकर त्यांना जाऊन मिळाले. जानेवारी 1881 मध्ये ‘केसरी’ निघाला आणि त्याचे पहिले संपादक आगरकर झाले. ही गोष्ट आजही पुष्कळांना माहीत नसते, केसरी म्हटलं की टिळकच.

वर्षभरातच खटला उभा राहिला. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतोय असं सगळीकडे बोललं जात होतं आणि काही पत्रांच्या आधारावर या दोघांनी कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर, माधवराव बर्व्यांवर, जळजळीत लिहिलं. ती पत्रं बनावट निघाली. तेव्हा दोघांनी माफी मागितली. तरीही 1882 मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. तुरुंगात टिळकांशी वाद घालत, शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चं मराठी करत आगरकरांनी ते दिवस काढले. पुढे त्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं.

या प्रकरणातली एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. खटल्यात या दोघांना जामीन हवा होता, दहा हजारांचा. तो मिळवून दिला जोतिराव फुल्यांनी, आपले स्नेही रामशेठ उरवणे यांच्याकरवी. फुले आणि ही तरुण ब्राह्मण मंडळी काही एका पंक्तीला बसणारी नव्हती, चिपळूणकरांनी तर फुल्यांवर किती टीका केलेली! फुले देव मानायचे, त्यांनी त्याला निर्मिक म्हटलं. आगरकर मानायचे नाहीत. पण अडचणीत सापडलेल्या माणसासाठी धावून जाताना असल्या गोष्टी मोजायच्या नसतात हे फुल्यांनी दाखवलं. धर्म मानणारा माणूस चांगला असूच शकत नाही असं म्हणणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. आजकाल तेही पुष्कळ भेटतात. न्यायमूर्ती रानडे प्रार्थना समाजाचे, ईश्वरावर गाढ श्रद्धा असलेले, आणि त्यांच्याइतका सरळ माणूस शोधून सापडणार नाही.

पुढे 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज. मित्रामित्रांत मात्र अंतर पडत गेलं. याला वरवरची कारणं पुष्कळ होती, पण मुळाशी होता आपला, म्हणजे बायकांचा प्रश्न. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावून दिलेलं, मोठी झाल्यावर त्या नवऱ्याकडे नांदायला गेल्या नाहीत, नवरा कोर्टात गेला. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा. सगळा मुलूख या खटल्यावर भांडत होता. टिळक एका बाजूला आणि आगरकर रखमाबाईंच्या बाजूला. त्याच वर्षी आगरकरांनी केसरी सोडला आणि 1888 च्या ऑक्टोबरात स्वतःचं ‘सुधारक’ काढलं. त्यातला इंग्रजी भाग गोपाळ कृष्ण गोखले सांभाळायचे.

‘सुधारक’मध्ये त्यांनी काय काय लिहिलं म्हणता! सोवळं म्हणजे काय याची चिरफाड. देवांची कल्पना माणसाच्या मनात कशी उगवली असेल याचा विचार. मुलींना मुलांबरोबर बसवून शिकवावं, पोट भरता येईल असं शिकवावं. बायकांनी जाकीट घालावं यावरही त्यांनी लेख लिहिला! आपण आज ब्लाउजची शिलाई किती घेतो यावरून शिंप्याशी हुज्जत घालतो, पण अंगभर कपडा घालावा हेसुद्धा कुणालातरी कधीतरी भांडून सांगावं लागलंय.

आणि विधवांचं केशवपन. माझ्या आजीच्या आत्याला मी पाहिलं नाही, पण आजी सांगायची. तांबडं लुगडं, डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला, दर काही दिवसांनी परसात न्हावी यायचा. घरातली माणसं वाईट होती का? आजी म्हणायची, नव्हती गं, देवभोळी होती, मुंगी मारली तरी हळहळायची. मग त्या पोरीच्या डोक्यावरून वस्तरा फिरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी नसेल आलं? आलं असेल. पण शास्त्रात लिहिलंय म्हटल्यावर त्यांनी ते पाणी पुसलं असेल.

सासूबाईंचा प्रश्न मला इथे उलटा दिसायला लागला. देवाच्या धाकाने माणूस पाप करत नाही हे खरं असेल, पण त्याच धाकाने माणूस डोळ्यांदेखत चाललेला अन्यायही करतो, आणि वर त्याला पुण्य म्हणतो.

1891 मध्ये हे फार उघडं पडलं. त्याआधी कलकत्त्याला फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी तिशी ओलांडलेल्या नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. त्यावर सरकारने संमतिवयाचा कायदा आणला. मुलीच्या शरीरसंबंधाचं वय दहाचं बारा करायचं, एवढंच. आज वाचताना दोन्ही आकडे अंगावर काटा आणतात. पण तेवढ्यावरही केवढा गदारोळ झाला! गर्भाधानाचा संस्कार धर्माने सांगितलेला आहे, त्यात परक्या सरकारने हात घालू नये, अशी ओरड झाली. पुण्यात सभा उधळल्या गेल्या. टिळक कायद्याच्या विरोधात होते. मुलींची लग्नं लवकर होऊ नयेत असं त्यांनाही वाटत होतं, पण परक्या सरकारने आपल्या घरात कायदा करावा हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांची बाजू नुसती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्यापुढे प्रश्न एकच, त्या मुलीला काय होतं? श्लोक कुठला, ऋषी कोण, हे नंतर.

चांगलं-वाईट ठरवायची त्यांची कसोटी हीच होती, आणि ती समजायला काही एम.ए. व्हावं लागत नाही. या गोष्टीने माणसाचं सुख वाढतं की दुःख? ज्याला सोसावं लागतं त्याच्या जागी मी असते तर? मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचं त्यांनी पुष्कळ वाचलं होतं. माणूस माणसांत राहतो, एकमेकांवाचून त्याचं चालत नाही, त्यातूनच खरेपणा, दया, न्याय या गोष्टी उगवल्या आणि टिकल्या, असा त्यांचा विचार. धर्म बदलतात, एकाच धर्माचे आचार गावागणिक बदलतात, पण शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर पाणी घेऊन धावायचं हे कुठल्या पोथीत बघून कुणी धावत नाही. (हे आगीचं उदाहरण माझं, त्यांचं नव्हे.) ईश्वर आहे की नाही यावर ते छाती ठोकून नाही म्हणणारे नव्हते. ते कळणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे, मग त्याच्या नावाने कुणी हुकूम सोडू नयेत, एवढा त्यांचा आग्रह होता.

याचं फळ काय मिळालं, तर पुण्याच्या सनातनी मंडळींनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. पुतळा तिरडीवर बांधून, वाजतगाजत. स्वतःचं प्रेत चाललेलं बघायचं म्हणजे काय! ते खचले नाहीत, लिहीतच राहिले, असं चरित्रकार सांगतात आणि पुढच्या पानावर जातात.

मी मात्र तिथेच अडले. कारण त्या घरात एक बाई होती.

यशोदाबाई. कराडजवळच्या उंब्रजच्या. 1877 मध्ये लग्न झालं तेव्हा लहानच होत्या. माहेरची रीत जुन्या वळणाची, देवधर्म, सोवळंओवळं, व्रतंवैकल्यं सगळं अंगात मुरलेलं. आणि नवरा असा! विचार करा, नवरा जिवंत असताना त्याची तिरडी निघते, ती बातमी त्या सवाष्ण बाईच्या कानावर कशी आली असेल? आपल्याकडे नवऱ्याला शिंक आली तरी बायका शंभर वर्षं आयुष्य म्हणतात. तिने त्या दिवशी काय केलं असेल मला माहीत नाही, पण माझ्या डोळ्यांपुढे ती देवापुढे बसलेली येते. नवऱ्यासाठी त्या देवापुढे बसलेली, ज्याला नवरा मानत नाही.

आणि तिला तसं बसता येत होतं. उतारवयात यशोदाबाईंनी आपल्या आठवणी सांगून ठेवल्या आहेत. आगरकरांनी आपली मतं बायकोवर लादली नाहीत. तिच्या सोवळ्याओवळ्याला, पूजेला, व्रतांना ते आड आले नाहीत. त्यांच्या वर्तमानपत्रात सोवळ्याची मीमांसा छापून येत होती आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात सोवळं पाळलं जात होतं! विरोधकांनी याला दुटप्पीपणा म्हटलं असेल तर नवल नाही. मलाही आधी तसंच वाटलं. घरात बदल करता येत नाही आणि निघाले जगाला शिकवायला!

मग वाटलं, नाही. जो नवरा बायकोला दामटून देव सोडायला लावतो, तो तिला दामटून देव धरायला लावणाऱ्यापेक्षा वेगळा कसा? ज्याने लाखो बायकांच्या बाजूने लिहिलं, की यांना स्वतःचं मन आहे, त्याने घरातल्या एका बाईचं मन मोडून कसं चाललं असतं? तिला पटलं असतं तर तिने सोडलं असतं. नाही पटलं.

एक तक्रार मात्र माझी आहेच. पोटापुरतं मिळवायचं हे आगरकरांनी ठरवलं, पण त्या पोटापुरत्यात घर चालवायचं होतं यशोदाबाईंना. तिला कुणी विचारलं होतं का? बेताचा पगार, आल्यागेल्याचं, दम्याने रात्र रात्र बसून काढणारा नवरा, पदरात मुलं. थोर माणसांच्या चरित्रात डाळतांदळाचा हिशेब कुणी देत नाही. ध्येय त्यांचं आणि काटकसर तिची, असा हा संसार झाला. याबद्दल आगरकरांना पूर्ण माफ करायला मी तयार नाही, आणि असं म्हणायचा हक्क बायकांना आहे हे त्यांनीच लिहून ठेवलंय म्हटल्यावर त्यांना राग येऊ नये!

1892 मध्ये वामन शिवराम आपटे वारले आणि आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्याच काळात, मार्च 1893 मध्ये, कॉलेजात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. कर्व्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकलं, पण कॉलेजातली नोकरी शाबूत राहिली. पुढे हिंगण्याला जे उभं राहिलं, त्याच्या मुळाशी ही टिकलेली नोकरीसुद्धा आहे.

दमा वाढत गेला. 17 जून 1895 ला आगरकर गेले. एकोणचाळीस पूर्ण व्हायलाही महिना कमी. त्यांच्या उशाशी एका पुडीत पैसे निघाले असं सांगतात, स्वतःच्या अंत्यविधीच्या खर्चासाठी बाजूला काढून ठेवलेले, म्हणजे मेल्यावरही कुणावर भार नको. आजारपणात टिळक येऊन भेटून गेले होते, आणि केसरीतला मृत्युलेख सांगताना त्यांना रडू आवरेना असंही सांगतात. ज्यांच्याशी दहा वर्षं जाहीर भांडण, त्यांच्यासाठी.

मला त्या पुडीचं राहून राहून आठवतं. मरणाच्या दारात माणूस देवाचं नाव घेतो, नवस बोलतो, काशीचं पाणी मागतो. यांनी हिशेब चुकता केला. माझ्या बचत गटात एखादी बाई हप्ता बुडवणार नाही हे मी कशावरून ओळखते? तिच्या गळ्यातल्या माळेवरून नाही. आधीचे हप्ते तिने कसे फेडले त्यावरून. एकदा एका गटात पैशांची गडबड झाली होती, तेव्हा सगळ्यांनी देवीच्या भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ घ्यावी असं ठरलं. सगळ्यांनी घेतली. पैसे सापडले नाहीत. त्यानंतर आम्ही पावतीपुस्तक चालू केलं आणि दर महिन्याला हिशेब मोठ्याने वाचायला लागलो, तेव्हापासून एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. भंडारा अजूनही कपाळाला लावतोच, तो शपथेसाठी नाही.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी मी सासूबाईंना हे सगळं सांगत होते. त्या वाती वळत होत्या. टेंभू, अकोला, तुरुंग, सगळं त्यांनी ऐकलं. तिरडीच्या गोष्टीला च्च च्च केलं. केशवपनाचं सांगताना मात्र हात थांबले. त्यांच्या माहेरीही एक होत्या म्हणाल्या, काकू. पुढे काही बोलल्या नाहीत, वात वळायला घेतली. धाकटी तिथेच बसून त्यांच्या पायाला तेल चोळत होती. गुडघ्यांचं दुखणं वाढल्यापासून दुपारचं हे काम तिने आपल्याकडेच घेतलंय, कुणी सांगितलेलं नाही.

थोड्या वेळाने सासूबाईंनी एकच विचारलं, त्या आगरकरांची बायको पूजा करायची तेव्हा तो कधी हसायचा का तिला?

मी म्हटलं, तसं कुठे वाचलं नाही. आड तर कधीच आले नाहीत.

त्यांनी नातीकडे बघितलं. नात तेलाची वाटी बाजूला ठेवून म्हणाली, की आजी, मी कधी हसले का तुला? सासूबाई म्हणाल्या, नाही हसलीस. मग वातींचं तबक तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, हात धुऊन ये, एवढ्या वळून दे, मला आता डोळ्यांना दिसत नाही. आणि आरतीला यायचं नसेल तर नको येऊ, पण प्रसादाचं केळं तरी खा.